डाव्या चावीचे स्वयंचलित घड्याळ उजव्या मनगटावर मागे पडते किंवा थांबते: तपासणी कुठून सुरू करावी

डावखुऱ्यांसाठी घडवलेले, चावी डाव्या अंगाला असलेले महागडे यांत्रिक घड्याळ घेतल्यावर काही महिन्यांतच एक तक्रार हमखास ऐकू येते. घड्याळ सोमवारी सकाळी बंद पडलेले सापडते, किंवा रोज आठ-दहा सेकंदांनी मागे पडत जाते. दुरुस्तीला दिले की तपासणीच्या यंत्रावर सगळे आकडे ठीक दिसतात, ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून ते परत येते, आणि मनगटावर चढल्यानंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काहींच्या बाबतीत याला काचेच्या आत धरणाऱ्या वाफेची जोड मिळते. ज्या वस्तूसाठी लाखांच्या घरात पैसे मोजले ती अशी वागू लागली की माणूस एकतर कंपनीला दोष देतो किंवा आपल्याला बनावट माल मिळाला असे धरून चालतो. बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. घड्याळ ज्या पद्धतीने तपासले जाते आणि ज्या पद्धतीने आपल्याकडचा डावखुरा माणूस ते वापरतो, त्यांत फरक असतो आणि दोष बहुधा त्या फरकात सापडतो. म्हणून मागचे झाकण उघडण्याआधी करावयाची तपासणी येथे दिली आहे. ती प्रामुख्याने आट्यांची, म्हणजे फिरवून घट्ट बंद होणारी चावी असलेल्या स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप भरणाऱ्या घड्याळांसाठी आहे. सेलवर चालणाऱ्या घड्याळांना यातला पाण्याविषयीचा भाग तेवढा लागू पडतो.

आधी रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. डाव्या चावीच्या घड्याळासाठी सहसा वेगळे यंत्र बनवत नाहीत. नेहमीचेच यंत्र केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या कवचात) अर्धा फेरा फिरवून बसवतात, त्यामुळे तीनच्या अंकापाशी असणारी चावी नऊपाशी येते. ट्यूडरने २०१६ मध्ये काढलेले पेलागोस एलएचडी आणि रोलेक्सने २०२२ मध्ये आणलेले हिरव्या-काळ्या बेझलचे (काचेभोवतीच्या कड्याचे) जीएमटी-मास्टर २ ही याची ठळक उदाहरणे आहेत. दोन्हींत तारखेची खिडकीही नऊच्या बाजूला गेली आणि दोन्हींची साठवण, म्हणजे पूर्ण भरल्यावर न बांधता चालण्याचा काळ, साधारण ७० तासांची आहे. यंत्र फिरवल्यावर तारखेच्या चकतीवरील आकडे खिडकीत उलटे दिसले असते, म्हणून ती चकती वेगळी छापावी लागते. सर्व्हिसिंगनंतर तारीख उलटी दिसू लागल्याची तक्रार कोणी केली, तर नेहमीच्या यंत्राची चकती बसवली गेली एवढेच त्याचे कारण असते, आणि मूळ सुटा भाग मिळवण्यावाचून त्यावर उपाय नसतो. डावीकडे चावी दिसली म्हणजे घड्याळ डावखुऱ्यांसाठीच असेल असेही नाही. १९६९ च्या ह्यूअर मोनॅकोत चावी डावीकडे होती, पण हे घड्याळ आपोआप भरते, चावीला हात लावायची गरज नाही, असे त्यातून सुचवायचे होते.

साठवण भरते का?

पहिली शंका नेहमी साठवणीची घ्यावी, कारण ती तपासायला पैसा लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता काढून ठेवलेले ७० तासांचे घड्याळ पूर्ण भरलेले असेल तर ते सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत चालले पाहिजे. ते सोमवारी सकाळीच बंद सापडत असेल, तर एकतर मुख्य स्प्रिंग थकली आहे किंवा काढतेवेळी ते भरलेलेच नव्हते, आणि या दोहोंतला फरक एका साध्या चाचणीने कळतो. घड्याळ हाताने पूर्ण भरावे, काच वर करून कपाटात ठेवावे, आणि ते कधी थांबते याची नोंद घ्यावी. कागदावरच्या साठवणीच्या जवळपास ते पोहोचले तर स्प्रिंग निरोगी आहे आणि प्रश्न मनगटावर आहे. चाळीस-बेचाळीस तासांतच ते थांबले तर पुढचे वाचत बसण्यापेक्षा सर्व्हिसिंगचा विचार करावा.

मनगटावरचा प्रश्न असा, की आपल्याकडे डावखुऱ्याचा उजवा हात दिवसभर फारसा हलत नाही. वाळूजच्या कारखान्यातील कार्यालय घ्या किंवा नांदेडमधील बँकेची शाखा, संगणकाचा माऊस उजवीकडेच ठेवलेला असतो आणि डावखुरा कर्मचारीही तो उजव्या हातानेच चालवायला शिकलेला असतो. लिहिणे, फाइल उचलणे, फोन धरणे हे सगळे डावा हात करतो आणि घड्याळ बांधलेला उजवा हात टेबलावर निश्चल पडून राहतो. मोटार चालवतानाही तेच होते, कारण गिअर डाव्या हाताला असतो आणि उजवा हात स्टिअरिंगवर टेकलेला असतो. आतील रोटर, म्हणजे स्प्रिंग भरणारे फिरते वजन, फिरण्यासाठी हात फिरावा लागतो, हात नुसता थरथरून फारसे भागत नाही. त्यामुळे बैठे काम करणाऱ्या डावखुऱ्याचे घड्याळ दिवसभर बांधूनही अर्धेमुर्धेच भरलेले राहू शकते. अर्धे भरलेले घड्याळ लगेच थांबत नाही. स्प्रिंगचा जोर उतरला की बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाचा, झोका लहान होतो, आणि झोका लहान झाला की घड्याळ उभे धरल्यावर त्याची चाल आडव्या चालीपासून अधिक दूर जाते. म्हणजे सोमवारी थांबणे आणि आठवडाभर मागे पडणे या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या दोन तक्रारींचे मूळ एकच असू शकते.

उपाय म्हणून आठवड्यातून एक-दोनदा हाताने चावी द्यावी. साधारण पंचवीस ते चाळीस फेरे पुरतात, आणि स्वयंचलित यंत्रात स्प्रिंगचे बाहेरचे टोक भरल्यावर घसरते, त्यामुळे जास्त चावी दिल्याने काही तुटत नाही. पानेराईच्या लुमिनोर मालिकेत डाव्या चावीची काही घड्याळे मात्र निव्वळ हातचावीची आहेत. तेथे चावी अडली की थांबलेच पाहिजे.

चावीची दिशा

हाताने चावी देऊनही घड्याळ भरत नाही असे सांगणारे भेटतात, आणि माझ्या मते या सगळ्या तक्रारीतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा येथे आहे. चावीच्या टोकाकडून पाहिले तर जवळपास प्रत्येक घड्याळाची चावी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर भरते, आणि आट्यांची चावी बंदही त्याच दिशेने होते. यंत्र अर्धा फेरा फिरवल्याने हा नियम बदलत नाही. बदलते ते डायलकडे पाहणाऱ्याला दिसणारे फिरणे. नेहमीचे घड्याळ काच वर, बाराचा अंक समोर धरून हातात घेतले, तर भरताना चावीची वरची कड बाराच्या अंकाकडे, म्हणजे आपल्यापासून दूर सरकते. डाव्या चावीच्या घड्याळात तीच कड सहाच्या अंकाकडे, म्हणजे आपल्याकडे सरकली पाहिजे. ज्यांनी वडिलांच्या एचएमटीला वर्षानुवर्षे रोज सकाळी चावी दिली आहे त्यांची बोटे सवयीने बाराकडे ढकलतात. तसे केल्यावर दात घसरल्याचा बारीक आवाज येतो, बोटाला काहीतरी होत असल्याचा भास होतो, पण स्प्रिंग भरत नाही. बोटे मागे-पुढे घासून चावी देणाऱ्यांचे निम्मे काम तरी होते. एकाच दिशेने मोजून चाळीस फेरे देणाऱ्या शिस्तीच्या माणसाच्या पदरी मात्र काहीच पडत नाही.

भरण्यातली चूक फार तर घड्याळ थांबवते, पण बंद करण्यातली चूक आत पाणी सोडते. चावी आट्यांवर बसवताना ती सवयीच्या दिशेने फिरवली तर आटे धरतच नाहीत. मग माणूस दाब वाढवतो, दिशा बदलून पाहतो, आणि तिरकी धरलेली चावी अर्ध्या फेऱ्यात अडकते. ती घट्ट झाली असे वाटते, पण आतली रबरी रिंग बसलेली नसते. यात डाव्या हाताचीही एक नैसर्गिक अडचण आहे. उजव्या हाताला याच दिशेची पीळ देताना तळहात वर वळतो आणि दंडाच्या स्नायूचे बळ मिळते. डाव्या हाताला तीच पीळ देताना तळहात खाली वळतो आणि ते बळ मिळत नाही. चावी बोटांनी फिरते हे खरे असले तरी शेवटचा पाव फेरा मनगटाचा असतो, आणि तो पाव फेरा डावखुऱ्यांकडून कमी पडतो असा अनुभव आहे. पाश्चात्त्य कारखाने डावखुऱ्यांसाठी यंत्र फिरवून चावी डावीकडे आणतात, पण आटे उलटवत नाहीत.

म्हणून चावी बंद करण्याची पद्धत एकदा शांतपणे करून हातात बसवून घ्यावी. घड्याळ मनगटावरून काढावे, कारण बांधलेल्या अवस्थेत चावीवर आडवा ताण येऊन आतली दांडी वाकू शकते. पलंगावर बसून किंवा खाली जाड टॉवेल पसरून काच वर, बारा समोर आणि चावी डावीकडे असे ते उजव्या हातात धरावे. डाव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने चावी हलकेच आत दाबावी आणि आधी मुद्दाम उलट, म्हणजे वरची कड बाराकडे, असा पाऊण-एक फेरा सावकाश द्यावा. एका जागी आटा आट्यात पडल्याचा अगदी लहानसा टप्पा बोटाला जाणवतो. तो जाणवला की तेथून दिशा बदलून वरची कड सहाकडे, आपल्याकडे, फिरवावी. चावी अडचण न करता सरळ आत जाऊ लागते. मध्येच जड लागली तर जोर लावू नये, पूर्ण उघडून पुन्हा तोच टप्पा शोधावा. शेवटी ती बोटाच्या ताकदीने घट्ट करावी, पक्कड किंवा रुमालाचा पीळ यांच्या वाटेला जाऊ नये. चावी केसला टेकली आहे का हे बाजूने उजेडात पाहिले तर दिसते, आणि बंद चावी व केस यांच्यामध्ये एका अंगाला जास्त फट असणे हे आटे तिरके बसल्याचे लक्षण होय. लुमिनोरसारख्या घड्याळात आट्यांऐवजी तरफेने चावी दाबली जाते, त्यामुळे तेथे हा प्रकार उद्भवत नाही. तरफ पूर्ण मिटली आहे एवढे पाहिले की पुरे.

जेवणाचा हात

आता वाफेच्या तक्रारीकडे वळू. लेखन डाव्या हाताने, चेंडू डाव्या हाताने, विळा डाव्या हाताने, पण जेवण, पूजा, प्रसाद आणि देणे-घेणे उजव्या हाताने, अशी विभागणी आपल्या घरांतून लहानपणीच केली जाते, आणि पक्के डावखुरेही ती पाळतात. नेहमीचे घड्याळ डाव्या मनगटावर असते, त्यामुळे त्याचा अन्नाशी संबंध येत नाही. डाव्या चावीचे घड्याळ उजव्या मनगटावर येते, त्याची चावी पंजाच्या बाजूला असते, आणि भाकरी कुस्करणारा, रस्सा कालवणारा व दिवसातून कितीतरी वेळा नळाखाली जाणारा हात नेमका तोच असतो. हा प्रश्न परदेशी माहितीपुस्तिकेत सापडणार नाही, कारण तेथील डावखुऱ्याचे जेवण या पद्धतीचे नसते.

त्यात आपल्याकडचे पाणी. मराठवाड्यातील मोठ्या भागात घरगुती वापराला बोअरचे जड पाणी असते. बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर सर्वांच्या परिचयाचा आहे. तोच थर चावीखाली जमतो. लातूरमधील एका परिचित वकिलांचे घड्याळ दोन पावसाळ्यांत दोनदा आतून धुरकट झाले होते आणि दोन्ही वेळा ते नुसते वाळवून परत देण्यात आले. चावी पूर्ण उघडून भिंगाखाली पाहिली तेव्हा आट्यांच्या पहिल्या दोन वेढ्यांत पांढरट क्षार घट्ट बसला होता, त्याला हळदीची पिवळी झाक होती, आणि रबरी रिंगवर कापसाचा एक बारीक तंतू आडवा पडलेला होता. तो तंतू तेथे असेपर्यंत शंभर मीटर किंवा पाचशे मीटर या जलरोधकतेच्या आकड्यांना काही अर्थ नव्हता, कारण ते आकडे स्वच्छ आणि पूर्ण बसलेल्या रिंगसाठी असतात.

आत ओल आहे की नाही हे पाहण्याची एक रीत जलरोधक घड्याळांच्या आयएसओ २२८१० या मानकातच दिलेली आहे. घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करतात, काचेवर १८ ते २५ अंशांचे थेंबभर पाणी सुमारे मिनिटभर ठेवतात, पुसतात, आणि काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली का ते पाहतात. परभणीच्या मे महिन्यात गरम करण्याचे काम वेगळे करावे लागत नाही. दुपारी बाहेरून आल्यावर चावी बंद असल्याची खात्री करून माठातल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवावा. क्षणभर धरून नाहीशी होणारी आणि नंतर कधीच न दिसणारी वाफ जुळणीच्या वेळच्या हवेतलीही असू शकते. प्रत्येक वेळी, त्याच जागी, विशेषतः नऊच्या अंकाजवळ, ठिपका उमटत असेल तर ओल चावीतून येत आहे असे समजावे. पाण्याच्या कूलरसमोर रात्रभर उघड्या चावीने पडलेले घड्याळही असेच वागते. वेळ लावून चावी ‘सकाळी बंद करू’ म्हणून तशीच ठेवण्याची सवय येथे महागात पडते.

वाफ दिसली तर चावी उघडून घड्याळ उन्हात ठेवणे, हेअर ड्रायरची गरम हवा मारणे किंवा मोबाइलप्रमाणे ते तांदळाच्या डब्यात पुरणे, यांपैकी काहीही करू नये. उष्णतेने तेल पसरते, आणि तांदळाचा भुसा नेमका त्या आट्यांत जातो. चावी बंद ठेवून ते शक्य तितक्या लवकर उघडून देणे हाच मार्ग आहे, कारण काट्यांवर आणि पोलादी दात्यांवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. काळजी म्हणून पंधरा-वीस दिवसांतून एकदा, चावी पूर्ण बंद असताना, गाळलेल्या किंवा आरओच्या कोमट पाण्यात मऊ टूथब्रशने चावीभोवतीचा भाग घासावा आणि सुती कापडाने टिपून घ्यावा. जेवताना घड्याळ काढून ठेवणे सर्वांत चांगले, पण लग्नाच्या पंगतीत ते कोणाच्या हवाली करायचे हा प्रश्न उरतोच.

यंत्रावर ठीक, मनगटावर मागे

साठवण भरते, चावी नीट बसते, वाफ नाही, आणि तरीही घड्याळ सातत्याने मागे किंवा पुढे जाते, असे असेल तर प्रश्न स्थितीचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेचे प्रमाणपत्र मिळणाऱ्या घड्याळाची चाचणी आयएसओ ३१५९ या मानकानुसार पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत होते, आणि दिवसाची सरासरी चाल उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावी लागते. त्या पाच स्थिती म्हणजे काच वर, काच खाली, चावी वर, चावी खाली आणि चावी डावीकडे. उभ्या स्थितींपैकी ‘चावी उजवीकडे’ सोडून ‘चावी डावीकडे’ हीच का निवडली असावी, ते हात पाहिल्यावर उमगते. डाव्या मनगटावर नेहमीचे घड्याळ बांधून अंगठा वर करून हात पुढे धरला की सहाचा अंक वर येतो आणि डायलकडे पाहणाऱ्याला चावी डावीकडे दिसते. टेबलाशी बसलेल्या किंवा चालणाऱ्या माणसाच्या हाताची ही अगदी नित्याची ठेवण आहे.

डाव्या चावीचे घड्याळ उजव्या मनगटावर बांधून तसाच अंगठा वर केला तरी सहाचा अंक वरच येतो, पण चावी आता उजवीकडे असते. म्हणजे यंत्र नेहमीच्या चाचणीत ज्या उभ्या स्थितीत तपासले जाते तिच्या बरोबर विरुद्ध स्थितीत ते दिवसाचा मोठा भाग काढते. हात खाली सोडल्यावर मात्र दोन्ही घड्याळांत चावी खालीच राहते, त्यामुळे तेवढ्या स्थितीत फरक पडत नाही. रोलेक्सने आपल्या डाव्या चावीच्या घड्याळासाठी, केसमध्ये बसवल्यानंतरच्या अचूकतेच्या चाचणीत बदल केला होता तो याच कारणाने, आणि ती कंपनी केसमधील घड्याळासाठी दिवसाला दोन सेकंद इधर-उधर एवढीच मर्यादा पाळते. आपल्या गावातल्या घडीसाजाकडे किंवा शहरातल्या कार्यशाळेतही ही काळजी घेतली जाईलच असे नाही. टाइमग्राफरच्या (टिकटिक ऐकून चाल व झोका मोजणाऱ्या यंत्राच्या) स्टँडवर घड्याळ लावून नेहमीच्या पाच स्थिती नोंदवल्या जातात, सरासरी चांगली येते, आणि जी सहावी स्थिती आपल्या कामाची असते तीच राहून जाते.

हे घरी पडताळता येते. घड्याळ पूर्ण भरावे, मोबाइलवरील वेळेशी सेकंदाने जुळवावे, आणि रात्रभर एकाच स्थितीत ठेवून सकाळी फरक लिहावा. दुसऱ्या रात्री पुन्हा भरून दुसरी स्थिती घ्यावी. काच वर, काच खाली, चावी वर, आणि पट्ट्याचा आधार देऊन चावी उजवीकडे, एवढ्या चार नोंदी पुरतात. चावी खाली टेकवून ठेवू नये, तिच्यावर भार येतो. ‘चावी उजवीकडे’ या एकाच स्थितीत घड्याळ इतरांपेक्षा बरेच मागे जात असेल तर दुरुस्तीच्या चिठ्ठीवर ‘मागे पडते’ असे न लिहिता ‘उजव्या मनगटावर वापरले जाते; चावी उजवीकडे या उभ्या स्थितीत चाल आणि झोका नोंदवून मग जुळवणी करावी’ असे स्पष्ट लिहावे. टाइमग्राफरवरचा झोका खरा दिसण्यासाठी त्या घड्याळाचा लिफ्ट अँगल (प्रत्येक रचनेचा ठरलेला कोन) त्यात भरावा लागतो, आणि चोवीस तासांनंतरचा झोकाही पाहावा लागतो, हेही विचारून घ्यायला हरकत नाही. विचारणारे ग्राहक थोडे असतात म्हणून या गोष्टी सुटतात. फरक चार-पाच सेकंदांचाच असेल तर जुळवणीचा खर्च करण्याऐवजी ज्या स्थितीत घड्याळ पुढे जाते त्या स्थितीत ते रात्री ठेवावे. दिवसाची तूट रात्री भरून निघते.

घड्याळ अचानक, काही मिनिटांच्या हिशेबात पुढे धावू लागले तर वरच्या सगळ्या चर्चेची गरज नाही; चुंबकत्वाची शंका घ्यावी. जालन्यातील पोलाद कारखान्यांत भंगार उचलणाऱ्या क्रेनच्या विद्युतचुंबकाजवळ काम करणाऱ्यांना, तसेच स्कूटरच्या हँडलवर चुंबकी मोबाइल होल्डर लावणाऱ्यांना हा अनुभव येतो. साधे होकायंत्र घड्याळाजवळ नेल्यावर सुई डगमगली की बहुधा निदान पक्के होते, आणि चुंबकत्व काढण्याचे काम मिनिटाभराचे असते. ट्यूडरची सिलिकॉनची हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलला झुलवणारी बारीक स्प्रिंग) आणि रोलेक्सची नायोबियम-झिर्कोनियमची हेअरस्प्रिंग यांना हा त्रास फारसा होत नाही, त्यामुळे त्या घड्याळांत चुंबकाला शेवटी धरावे.

एक तक्रार मात्र दोष नसूनही वारंवार दुरुस्तीला जाते. दोन ठिकाणच्या वेळा दाखवणाऱ्या जीएमटी घड्याळाचा चोवीस तासांचा काटा ग्रिनिच वेळेवर लावला की भारतीय वेळेशी अर्ध्या तासाचा मेळ बसत नाही. स्थानिक तासाचा काटा पूर्ण तासांनीच उडी मारतो, मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच असतो, आणि आपली प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे ग्रिनिचची मिनिटे मनात तीसने बदलून वाचावी लागतात.

घड्याळ पुण्या-मुंबईला पाठवावे लागलेच तर चावी बंद करून, चारही स्थितींच्या नोंदी आणि साठवण किती तास टिकली तो आकडा लिहिलेला कागद सोबत ठेवावा. केस उघडली जाणार असेल तर चावीची आणि झाकणाची रबरी रिंग बदलून दाबाची चाचणी केल्याचा आकडा पावतीवर मागावा. परत आल्यावर सगळ्यात आधी चावी उघडून, तो टप्पा बोटाला लागतो का ते पाहून, पुन्हा बंद करावी; आटे घासलेले असतील तर चावी आणि ती बसते ती नळी जोडीने बदलून घ्यावी लागते, कारण नवी चावी जुन्या नळीवर बसवली तर काही महिन्यांत तेच घासणे पुन्हा सुरू होते.